दीर्घकथेचा तिसरा खर्डा: सूप, दोरा आणि संवाद

तिसरा खर्डा अर्ध्यावर आलाय आणि कथा आता कुठे चालायला लागलीये. विड्या वळणाऱ्या बायका बोलताना एकमेकींकडे बघत नाहीत, एवढी एकच गोष्ट या खेपेला नव्याने आणली.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं. तेंदूचं भिजवलेलं पान मापाने कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. मजुरी हजार विड्यांवर. त्यामुळे नजर सुपात आणि हात चालूच. 'तिने चमकून वर पाहिलं' असली वाक्यं इथे टिकतच नाहीत. लेकीचं लग्न मोडल्याचं अक्का सांगते, तेव्हा ऐकणारीच्या हातून दोऱ्याचा एक वेढा जास्त बसतो. तो वेढा लिहिला आणि पुढचा पानभर संवाद काढून टाकला. प्रसंग उभा राहिला!

नव्याने लिहिणाऱ्यांना म्हणूनच आग्रहाने सांगतो: पात्राच्या स्वभावाची टिपणं काढण्याआधी त्याचे हात दिवसभर काय करतात ते बघा. मजुरी कशावर ठरते, माल कुणी नाकारतो, तेही विचारा. वळलेल्या विड्या जमा करताना त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतात. माझ्या कथेतला सगळा ताण तिथेच सापडला, खलनायक लागलाच नाही.

घाई मात्र नको. आपल्या सोलापूरचे त्र्यं. वि. सरदेशमुख बघा. जन्म १९१९चा, अक्कलकोटचा. 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीला २००३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. समीक्षा आणि कादंबरी दोन्ही नेटाने लिहीत राहिलेला माणूस. मला त्यांचा फार आधार वाटतो.

छापण्याचं म्हणाल तर १९०९च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासून दिवाळी अंक हीच मराठी कथेची मोठी वाट आहे. पावसाळा सुरू होईतो कथा पाठवलेली बरी.

आता शेवटचा भाग. पद्मशाली, म्हणजे मूळ तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातलं घर, आजी तेलुगूत बोलते, नात मराठीत उत्तर देते, दोघींचं कुठे अडत नाही. सध्या आजीच्या हाका आणि शिव्या तेवढ्या तेलुगूत ठेवल्यात, बाकी मराठी. असे दोन भाषांतले संवाद कुणी लिहिले असतील तर एखादा उतारा नक्की दाखवा.