हात का लावू देत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून

नागपूरच्या आठ रस्ता चौकाकडून माझ्या कुत्र्याला, भुऱ्याला, घेऊन येताना समोरून कोणी आलं की मी रस्ता ओलांडते. कोणी हात पुढे केलाच तर ‘नको’ म्हणते. मग प्रश्न येतो, आणि गेली कित्येक वर्षं तोच येतो: “एवढा शांत दिसून राहिला, मग हात काहून नाही लावू देत?” पाठोपाठ, “आम्हाला कुत्रे खूप आवडतात जी.” मी “त्याला सवय नाही” एवढंच म्हणून पुढे निघते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं रस्त्यावर उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही.

भुऱ्या वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबाखाली सापडला, ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. तेव्हा तो पाचेक महिन्यांचा होता, आणि त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. माणसं, छत्र्या, स्कूटर, पोरांचा गलका हे सगळं आपल्या जगातलंच आहे, हे पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात शिकतं. त्याचे ते आठवडे कुठे गेले, मला ठाऊक नाही. त्यानंतरचं आपोआप येत नाही, हळूहळू शिकवावं लागतं.

पहिल्या वर्षी तो अनोळखी माणसांवर गुरगुरायचा आणि मला लाज वाटायची. ट्रेनर लावा, असं सगळे म्हणाले, म्हणून लावला. त्याने भुऱ्याच्या गळ्यात चोक चेन घातली, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी. गुरगुरला की हिसका. महिन्याभरात गुरगुरणं थांबलं, आणि मी कॉलनीभर अभिमानाने सांगत फिरले. भीती होती तिथेच होती. ती सांगायला त्याच्याजवळ एक आवाज होता, तो आम्ही काढून घेतला. ट्रेनरला दोष देऊन मी बरेच दिवस मोकळी झाले होते. पण पैसे मी दिले होते, आणि हिसका बसताना पाहतही मीच होते.

२०२२ चा मे महिना. संध्याकाळी सातला डांबरावर हाताची उलटी बाजू ठेवली, सात सेकंद ठेवता आली, तेव्हा आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावर शेजारचे काका स्कूटर लावून उतरत होते. डोक्याला, चेहऱ्याला पांढरा दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, वर काळा गॉगल. नागपुरात मे महिन्यात सगळेच असे दिसतात. आपण चालीवरून, गाडीवरून माणूस ओळखतो. काका रोज फाटकावरून भुऱ्याला बिस्किट द्यायचे, म्हणजे तो त्यांना ओळखत होता. पण तो ओळखत होता त्यांचा चेहरा, फाटकाच्या पलीकडचा. इथे बिनचेहऱ्याचं एक उंच माणूस त्याच्या अंगावर वाकत होतं, आणि पट्टा मी आखूड धरल्यामुळे त्याला मागे सरकायलाही जागा नव्हती.

“काहून बे भुऱ्या, मले ओळखलं नाही का?”

मी म्हणाले, “लावा ना काका, काही नाही करत तो.”

हे वाक्य माझं आहे. मी ते आजही रात्री कधीतरी ऐकते.

मधे चार-पाच सेकंद गेले असतील. भुऱ्याने तोंड बाजूला वळवलं. जिभेने ओठ चाटले, समोर खायला काही नसताना. जांभई दिली. मग तो ताठ झाला आणि त्याच्या डोळ्याची पांढरी कड दिसली. हे सगळं मला दिसत होतं. जांभई पाहून मी काकांना म्हणालेसुद्धा, “कंटाळलाय.” तो सरळ सरळ ‘नको’ म्हणत होता, जेवढ्या मार्गांनी म्हणायची मुभा आम्ही त्याच्याकडे ठेवली होती तेवढ्या सगळ्या मार्गांनी. काकांचा हात डोक्यावर टेकला आणि तो चावला. गुरगुर नाही, भुंकणं नाही. अंगठ्याच्या मुळाशी दात बसले.

त्यांच्याच अंगणातल्या नळाखाली पंधरा मिनिटं साबणाने जखम धुतली. दुपट्ट्याला रक्त लागलं होतं, ते काकू न बोलता पिळत होत्या. भुऱ्याची रेबीजची लस पूर्ण झाली होती, तरी डॉक्टरांनी काकांना इंजेक्शनं सुरू केलीच, आणि ते बरोबरच होतं. त्याच दिवशी पहिलं, मग ३, ७ आणि २८व्या दिवशी. चारही वेळा मी माझ्या गाडीवर त्यांना घेऊन गेले. काकांनी मला एकदाही शिवी दिली नाही. सातव्या दिवशी परत येताना एवढंच म्हणाले, “आवाज तरी करायचा होता ना त्यानं.”

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मला ते देता आलं नाही.

“कुठेतरी नेऊन सोडून द्या,” असं तेव्हा चारजण म्हणाले. त्याचा राग मला अजून येतो. घाबरलेला कुत्रा परक्या गल्लीत सोडला की तो तिथल्या कुणाला तरी चावणार, एवढाही विचार नाही? पण काकू आमच्या फाटकाशी पुन्हा कधी थांबल्या नाहीत, आणि त्यांच्यावर मला रागावता येत नाही.

मग सुरुवातीपासून सुरू केलं. आधी सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजात नेलं, कारण कुठे दुखत असलं तरी कुत्रा चावतो. कान, दात, कंबर तपासली, काही निघालं नाही. चोक चेन फेकली. सकाळी साडेपाचला तर्री-पोह्याच्या गाडीसमोर, पण विजेचे तीन खांब दूर, आम्ही बसायला लागलो. माणूस दिसला की उकडलेल्या कलेजीचा तुकडा. आधी माणूस, मग कलेजी. उलट केलं तर कलेजी दिसताच तो धोका शोधायला लागतो, ही चूक मी महिनाभर केली. त्याने तुकडा तोंडात घेतला नाही तर आपण फार जवळ आलोय, परत फिरायचं. तीन खांबांवरून एका खांबावर यायला आठ महिने लागले, आणि दिवाळीच्या चार दिवसांत पुन्हा तीनवर गेलो. दीक्षाभूमीकडे येणाऱ्यांनी रस्ते भरतात ते दसऱ्याचे दिवस आम्ही गच्चीवरच काढतो.

आता तो माणसाकडे पाहतो आणि मग वळून माझ्याकडे पाहतो. तुम्हाला जे शांत दिसतं ते हे. त्यात ‘या, हात लावा’ असं काही नाही. आणि हो, तो पुन्हा गुरगुरतो. तेव्हा मी त्याला रागवत नाही, बाजूला नेते, आणि लोक माझ्याकडे असं बघतात की बाईने कुत्र्याला काही वळणच लावलेलं नाही.

खरं सांगायचं तर फुटाळा तलावावर कुणाच्याही पायाशी लोळणारे लॅब्रेडॉर पाहिले की मला हेवा वाटतो. चांगला कुत्रा तोच, ज्याला कुणीही कुरवाळावं, असं मी चाळिशीपर्यंत मानत होते. ती मी अजून पूर्ण गेलेली नाही. एखादी शाळकरी मुलगी दूर उभी राहून “काकू, लावू का?” असं नीट विचारते तेव्हा ‘हो’ अगदी ओठांवर येतं. कदाचित तिच्याकडे तो गेलाही असता. पण ‘कदाचित’वर मी एकदा कुणाचा तरी हात पणाला लावला आहे.

माझी मुलगी म्हणते, मुसकं घाल, प्रश्नच मिटेल. माझं म्हणणं, मुसकं दिसलं की लोक त्याला खुनशी समजतील, पोरं दगड मारतील. ती म्हणते, लोक दूर राहतील, तेच तर हवंय ना तुला? यावर आमचं दोनदा भांडण झालं आहे. शेवटी मी जाळीचं आणलं, कारण कुत्रा मुख्यतः तोंड उघडून धापा टाकूनच थंड होतो, आणि आपल्या उन्हात कापडी घट्ट पट्टी म्हणजे छळच. रोज संध्याकाळी आतून थोडं दही लावून समोर धरते. आता तो आपणहून तोंड आत घालतो, दही चाटून संपेपर्यंत तसाच उभा राहतो. मग मी ते धुऊन दाराशी पट्ट्याच्या खिळ्याला अडकवते. सकाळी पट्टा घेते. ते तिथेच असतं.