दोन घरांच्या मधला वेळ

गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा

आज काही झोप लागेल असं वाटत नाही म्हणून लिहायला बसले. दुपारी आमच्या एजन्सीतर्फे घरोघरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्या एक ताई ऑफिसात आल्या होत्या, महिन्याच्या हजेरीवर सही करायला. सही केली आणि पिशवीतून एक वही काढून माझ्या टेबलावर ठेवली, "मॅडम, सवडीनं एकदा बघून घ्या, घाई नाही" एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटची वेळ झाली म्हणून निघाल्यासुद्धा.

वही संध्याकाळी उघडली. पेन्सिलीनं आखलेले तीन रकाने. पहिला निघाले, दुसरा पोचले, तिसऱ्याला नावच नाही पण त्यात बारीक अक्षरात काय काय लिहिलंय. बस आली नाही. लिफ्ट बंद, पाच जिने. आजी दार उघडेनात, बाहेरच उभी. चपलेचा अंगठा तुटला. आजोबा रडत होते, निघता येईना. दिवसाला सहा ओळी, असे चोवीस दिवस. सकाळी स्वतःच्या घरून पहिल्या पेशंटकडे जायचा वेळ आणि संध्याकाळी शेवटच्या पेशंटकडून परत घरी यायचा वेळ त्यांनी लिहिलेलाच नाही, तो आपला आपण सोसायचा असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलंय. वहीत आहे तो फक्त मधला वेळ. एका घरातून बाहेर पडल्यापासून दुसऱ्या घराची बेल वाजेपर्यंतचा.

मी होम केअर एजन्सीत ड्युट्या लावते, आठ वर्षं झाली. कॉम्प्युटरवर प्रत्येक ताईची एक आडवी पट्टी असते, तिच्यावर रंगीत चौकोन, एक चौकोन म्हणजे एक व्हिजिट. चौकोन जेवढा लांब तेवढे पैसे. दोन चौकोनांच्या मधे पांढरी जागा असते आणि ती पगाराच्या शीटमध्ये येतच नाही, आठ वर्षं मी त्या पांढऱ्या जागेकडे 'रिकामा वेळ' म्हणूनच बघत आले. नवी व्हिजिट आली की पहिला प्रश्न हाच की कुणाकडे रिकामी जागा आहे, आणि जिच्याकडे दिसेल तिच्यात कोंबायची.

वहीतला एक दिवस घेऊन बसले, परवाचा मंगळवार. साडेसात ते साडेआठ पहिलं घर. आठ पंचावन्नला दुसरं, नऊ चाळीसला सुटका. दहा दहाला तिसरं, एक तास. अकरा पस्तीसला चौथं, तिथं अर्धाच तास. मग दुपारी अडीचपर्यंत काही नाही. अडीच ते साडेतीन पाचवं, तीन पंचावन्नला सहावं पाऊण तास, पाच दहाला सातवं आणि सहा दहाला दिवस संपला. व्हिजिटांची बेरीज केली तर बरोबर सहा तास. नुसता रस्ता दोन तास पस्तीस मिनिटं. आणि सकाळी पहिल्या दारात पाय ठेवल्यापासून शेवटच्या दारातून बाहेर पडेपर्यंत दहा तास चाळीस मिनिटं. रोजचा क्रम तोच आहे, त्यामुळे चोवीस दिवसांचा नुसता रस्ता धरला तर बासष्ट तास होतात, म्हणजे त्यांच्या पगाराच्या हिशेबानं दहा दिवसांच्या वर काम झालं. मी तीनदा बेरीज केली कारण विश्वास बसेना. तिकिटाचे पैसे त्यांच्या खिशातून जातात ते वेगळेच.

त्या बारा ते अडीचच्या वेळाचं काय करायचं हेही मला नीट कळत नाही. त्यातली वीस मिनिटं रस्ता आहे, बाकी वेळ तांत्रिकदृष्ट्या त्यांचा स्वतःचा. पण घरी जाऊन परत यायला तो पुरत नाही, मग त्या कुठंतरी बाकावर बसून डबा खातात. तो सगळा वेळ कामाचा म्हणून मागणं बरोबर होणार नाही हे मला समजतं. पण रस्त्याची ती वीस मिनिटं नक्की कामाची आहेत, त्याबद्दल माझ्या मनात आता शंका राहिलेली नाही. त्या वेळात त्या दुसरीकडे कुठं काम करू शकत नाहीत, थांबू शकत नाहीत, उशीर झाला तर फोन माझाच जातो की "ताई कुठं पोचलात". कुठल्या घरानंतर कुठलं घर हे त्यांनी ठरवलेलं नाही. मी ठरवलंय, माऊसनं चौकोन ओढून.

सर मला कधी बँकेत पाठवतात, कधी दुसऱ्या ऑफिसात कागद घेऊन. जाऊन येऊन तास दीड तास जातो. तेव्हा माझा पगार थांबत नाही, थांबेल असं माझ्या स्वप्नातही येत नाही. मग ताईंचा का थांबतो?

रात्री जेवण झाल्यावर इतर देशांत काय चालतं ते वाचत बसले. ब्रिटनमध्ये एका केअर वर्करची केस अपील ट्रिब्युनलपर्यंत गेली होती, २०१३ ला निकाल लागला की एका घरून दुसऱ्या घरी जायचा वेळ किमान वेतनासाठी कामाचाच धरायचा, कारण तिच्या नेमणुका एजन्सी लावते आणि त्या वेळात ती एजन्सीच्याच ताब्यात असते. म्हणजे माझ्या माऊसचीच गोष्ट. न्यूझीलंडनं तर २०१६ मध्ये ह्या एकाच गोष्टीसाठी, दोन पेशंटच्या मधल्या प्रवासाच्या पैशांसाठी, संसदेत वेगळा कायदा केला. युरोपियन युनियनच्या कोर्टानं २०१५ मध्ये आणखी पुढचं म्हटलंय, ज्यांना ठरलेलं ऑफिसच नाही त्यांचा घरून पहिल्या ग्राहकाकडे आणि शेवटच्याकडून घरी जायचा वेळसुद्धा कामाचा वेळ. ती केस अलार्म बसवणाऱ्या टेक्निशियन लोकांची होती, आणि त्या वेळाचे पैसे किती द्यायचे हे कोर्टानं त्या त्या देशावर सोडलं, पण काम ते काम हे तर म्हटलं. ताईंनी तो वेळ वहीत लिहिलासुद्धा नव्हता.

अमेरिकेचं वाचून मात्र वाईट वाटलं. एका कामावरून दुसऱ्या कामावर जायचा वेळ धरायचा हा नियम तिथं जुनाच आहे, पण म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना घरी 'सोबत' करणाऱ्यांना १९७४ पासून किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या कायद्यातूनच वगळलेलं, एजन्सीच्या नोकरीत असल्या तरी. एव्हलिन कोक नावाच्या बाई त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत लढल्या आणि २००७ मध्ये सगळ्याच न्यायाधीशांनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. २००९ मध्ये त्या गेल्या. नियम बदलला २०१३ मध्ये, लागू झाला २०१५ पासून, म्हणजे त्यांना बघायला मिळालाच नाही. आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं परत जुन्या नियमावर जायचा प्रस्ताव काढला. सोबत हा शब्द मी आत्तापर्यंत किती सहज वापरत आले, "सोबतीला बाई हवी आहे" असेच फोन येतात आमच्याकडे. आणि ही सोबत करणारी त्या घरात अंघोळ घालते, डायपर बदलते, पलंगावरून खुर्चीत उचलून बसवते, गोळ्या मोजून देते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवते.

एक गोष्ट वाचून कळली ती आधी कधी लक्षात आली नव्हती. नियम असला तरी पैसे हातात पडतीलच असं नाही, कारण किमान वेतन बघताना एकेक तास सुटा बघत नाहीत. अमेरिकेत पूर्ण आठवड्याचे पैसे भागिले पूर्ण आठवड्याचे तास असं बघतात, ब्रिटनमध्येही पगाराच्या मुदतीची सरासरी धरतात. मग व्हिजिटचा दर किमान वेतनापेक्षा पुरेसा वर असला, आणि रस्त्याला शून्य दिलं, तरी सरासरी कशीबशी बसते आणि कुणाला काही म्हणता येत नाही. म्हणून मला वाटतं पगाराच्या पावतीवर रस्त्याची वेगळी ओळ पाहिजे. किती मिनिटं, काय दर, किती झाले. सरासरीत विरघळलेलं कुणालाच दिसत नाही, ना ताईंना ना मला.

सरांशी मी पूर्वी एकदा हे बोलले होते, वही यायच्या आधी, अगदी ओझरतं. ते म्हणाले पेशंटकडचे लोक घरात घालवलेल्या मिनिटांचेच पैसे देतात, रस्त्याचे मी कुठून आणू. ते खोटं बोलत नव्हते. बिल मीच बनवते, मला माहितीय. पण ऑफिसचं भाडं आणि माझा पगारही त्याच बिलातून निघतो, त्यांची वेगळी ओळ कुठल्या पेशंटच्या बिलावर नसते, ते दरात धरलेलेच असतात. रस्ता तेवढा धरलेला नाही, कारण तो सोसणारी आयती मिळाली. आणि व्हिजिट जितकी छोटी करत जाऊ तितका रस्ता वाढतो हे तर उघड आहे. ब्रिटनमध्ये आरोग्य आणि देखभालीचे निकष सुचवणाऱ्या नाइस संस्थेनं २०१५ मध्येच सांगितलंय की काही ठराविक कारण नसेल तर अर्ध्या तासाहून छोटी व्हिजिट लावू नका. आमच्याकडे वीस-वीस मिनिटांच्या मागण्या येतात आणि आम्ही घेतो.

जवळजवळची घरं एकीला द्यायची, हा उपाय मी करून पाहिलाय. रस्ता खरंच कमी होतो. पण मग कुणाची तरी रोजची ताई बदलते, आणि विसराळूपणाचा आजार असलेल्या आजींना रोज नवा चेहरा दिसला तर त्या अंगाला हात लावू देत नाहीत, एकदा तर घाबरून दाराच्या मागेच जाऊन बसल्या होत्या. त्यामुळे नकाशा बघून सगळं सुटेल असं नाही, थोडा लांबचा रस्ता राहणारच, तो कुणीतरी पैसे देऊनच चालायला हवा.

न दिलेली ती मिनिटं कुठंतरी भरून निघतातच. मागच्या महिन्यात एक व्हिजिट कशीच बसेना म्हणून मी ह्याच ताईंच्या पट्टीवर तीन पंचावन्नचा चौकोन उचलून पावणेचारला नेऊन ठेवला, म्हणजे रस्त्याला पंधराच मिनिटं, लागतात पंचवीस. तो चौकोन ज्या आजोबांचा आहे त्यांचे हात थरथरतात, पण शर्टाची बटणं त्यांना स्वतःच लावायची असतात. ताई समोर बसून राहतात, हात पुढे करत नाहीत. सहा बटणं, सहा-सात मिनिटं. वरचं बटण सगळ्यात शेवटी, हनुवटी वर करून चाचपडत लावतात. ताईंनीच एकदा सांगितलं होतं मला. त्या आठवड्याचं पान काढलं वहीतलं, तर तिसऱ्या रकान्यात चार दिवस ओळीनं एकच लिहिलंय. 'उशीर झाला. बटणं मीच लावली.'

मी तिथंच थांबले बराच वेळ. तक्रार नाही, कुणाचं नाव नाही, माझंही नाही.

साडेनऊला लॉगिन करून उद्याच्या पट्टीवर तो चौकोन परत तीन पंचावन्नला नेला. त्यासाठी सातव्या घरच्या मुलीला फोन करून दहा मिनिटं पुढे चालेल का विचारलं, ती आधी कुरकुरली मग हो म्हणाली. वहीतली चोवीस दिवसांची पानं मोबाइलवर फोटो काढून ठेवलीत, बासष्ट तासांची बेरीज वेगळ्या कागदावर सरळ लिहिलीय, घरागणिक मिनिटं टाकून. सर दहाला येतात. वही ताईंना परत द्यायचीय, त्यांना उद्याच्या ओळी लिहायला लागेल.