माणिक चौकातून धुळ्याच्या तुरुंगापर्यंत

नंदुरबारला गेलं आणि माणिक चौक पाहिला नाही असं होऊच शकत नाही. ऐन बाजारपेठेत शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला शाळकरी पोरांची मिरवणूक इथे आली. घोषणा गुजरातीत होती, कारण शिरीषकुमार मेहताची मातृभाषा गुजराती: ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं.’ पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास गेले. मी उभा होतो तेवढ्या वेळात एक बाई दुधाची पिशवी सांभाळत आल्या, चप्पल काढून हात जोडले आणि पुढे गेल्या. रोजचाच रिवाज असावा. ही पाच नावं या गावाने मनापासून जपली आहेत आणि मला त्याचा फार आदर वाटतो.

पण इथून शहादा काही लांब नाही. त्या तालुक्यात पाटीलवाडीला १९७१ मध्ये आदिवासींवर गोळ्या चालल्या. आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांचं काम आणि पुढे उभी राहिलेली आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना या गोष्टी त्या घटनेशिवाय समजत नाहीत. शिरीषकुमार मला चौथीत पाठ होता. पाटीलवाडी मात्र कुणीच शिकवली नाही, ती मला पस्तिशीत कळली. गोळी झाडणारा परका असला की स्मारक लवकर उभं राहतं. तो आपल्यातलाच निघाला की आपण विषय बदलतो. हे मनात घेऊनच मी दोंडाईचामार्गे धुळ्याची एसटी पकडली. वाटेत चिमठाणे लागतं. १९४४ मध्ये क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला तो इथेच. कंडक्टरने न विचारता हात करून जागा दाखवली.

धुळ्याचा तुरुंग मी बाहेरूनच पाहिला. १९३२ मध्ये विनोबा इथे कैदी होते. दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ इथे जन्मली, हे धुळ्यातलं पोरही सांगेल. पुढचं कुणी सांगत नाही. १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा ‘अनुशासन पर्व’ हे शब्द विनोबांच्या नावाने सरकारने भिंतीभिंतीवर रंगवले. माझा अर्थ वेगळा होता, हे विनोबांनी पुढे सांगितलं, पण तोवर भिंती रंगून झाल्या होत्या. त्याच आणीबाणीत, १९७६ मध्ये, पोलिसांनी विनोबांच्या पवनार आश्रमात जाऊन तिथल्या ‘मैत्री’ मासिकाचे अंक जप्त केले. मला विनोबांबद्दल अपार प्रेम आहे, म्हणूनच ही गोष्ट गाळून त्यांची आठवण काढावी असं वाटत नाही.

धुळ्याच्या देवपुरात ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींकडे उतरलो होतो. वय ऐंशीच्या पुढे. शेवभाजी-भाकरीचं जेवण झाल्यावर ते ओट्यावर बसून बोलू लागले. आणीबाणीत नसबंदीच्या ‘केसेस’, म्हणजे शस्त्रक्रियेसाठी माणसं, आणायचं काम शिक्षकांवरही होतं. केस नाही तर पगार अडकायचा. “जीप उनी का मानसं वावरमा पयी जायेत,” ते अहिराणीत म्हणाले. जीप आली की माणसं शेतात पळून जात. रात्र रात्र लोक शेतात झोपायचे. एका सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याला, त्यांनी स्वतः नसबंदीच्या कॅम्पला नेलं होतं. त्याला एकच मुलगी होती. “नाव सांगतो, लिहून घे,” म्हणाले, आणि मी लिहून घेतलं. ते नाव इथे देत नाही, तो हक्क त्याच्या मुलीचा आहे. गुरुजींनी डोळे पुसले नाहीत की सारवासारव केली नाही. वर्ष, महिना, कॅम्प कुठल्या गावी, जीपमध्ये आणखी कोण होतं, सगळं क्रमाने सांगितलं.

आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालात तुरुंगात टाकलेल्यांचा आकडा एक लाख दहा हजारांवर आहे, आणि दोन वर्षांतल्या नसबंद्या एक कोटीच्या पुढे. महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. मिसाबंदींना, म्हणजे आणीबाणीत मिसा कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांना, महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये मानधन सुरू केलं, २०२० मध्ये ते बंद झालं, २०२२ मध्ये पुन्हा चालू झालं. तुरुंगात गेलेल्यांचा मान राखायलाच हवा. पण त्या सालदाराचं काय? तो कुठल्याच यादीत नाही. आणि शाह आयोगाचा अहवालसुद्धा १९८० नंतर मिळेनासा झाला. माजी खासदार एरा सेझियन यांनी जवळची प्रत २०१० मध्ये पुन्हा छापली, म्हणून तो आज वाचता येतो.

अर्जेंटिनात लष्करी राजवट गेल्यावर तिथल्या चौकशी आयोगाने १९८४ मध्ये बेपत्ता झालेल्या ८,९६१ माणसांची नोंद केली आणि १९८५ मध्ये खुद्द सेनाप्रमुखांवर मुलकी न्यायालयात खटला चालला. पुढे माफ्या दिल्या गेल्या, तरी यादी होती म्हणून खटले पुन्हा उभे राहू शकले.

दुसऱ्या दिवशी राजवाडे संशोधन मंडळात गेलो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतली जुनी दप्तरं गोळा करत. तीनशे वर्षांपूर्वीच्या कागदासाठी या माणसाने आयुष्य घातलं. आणीबाणीला तर आता कुठे पन्नास वर्षं झाली आहेत. ज्यांच्यावर ती गुदरली त्यांच्यातले काही अजून ओट्यावर बसलेले आहेत. धुळे, नंदुरबार, जळगावात तुमच्या ओळखीचं असं कुणी असेल, मग ते तुरुंगात गेलेले असोत, कॅम्पला नेलेले असोत की गुरुजींसारखे नेणारे असोत, तर मला कळवा. मी वही घेऊन येतो. नावं त्यांनी परवानगी दिली तरच छापीन.