पानाची पाठ दिसली तेव्हा

2023 च्या खरिपाचा विषय निघाला की आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात सगळ्यांचं म्हणणं एकच असतं. पावसानं ताण दिला आणि सोयाबीन गेलं. हे खरं आहे, पण निम्मंच. त्या ऑगस्टमध्ये देशभरात सरासरीपेक्षा 36 टक्के कमी पाऊस पडला. 1901 पासूनच्या नोंदींत एवढा कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. पण दिवसाच्या कमाल तापमानाची सरासरी काढली तर तिथेही हाच ऑगस्ट सगळ्यात वर आहे, आणि याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. अधिक श्रावण सरून निज श्रावण लागला तरी दुपारी रानात उभं राहवत नव्हतं. सोयाबीन नेमकं फुलात होतं.

मी परभणीला वनस्पती शरीरक्रियाशास्त्र शिकले आणि आता वडिलांबरोबर, म्हणजे दादांबरोबर, शेती बघते. आमची दोन रानं आहेत. एक ओढ्याकाठचं काळं, भारी, दुसरं वरच्या अंगाला मुरमाड माळ. त्या दिवसांत दुपारी माळावरचं पीक लांबून पांढुरकं दिसायचं. दादा म्हणाले, "बाई, पानानं पाठ दाखवली." सोयाबीन खरंच तसं करतं. ताण वाढला की पान उलटतं आणि खालची फिकी, चंदेरी बाजू वर येते, म्हणजे ऊन अंगावर कमी घेतलं जातं. संध्याकाळी पानं पुन्हा सरळ व्हायची. पुढे पुढे सकाळी नऊलाच उलटायला लागली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

कारण पान उलटणं हा झाडाच्या शेवटच्या उपायांपैकी एक आहे. त्याआधीचे उपाय एकमेकांच्या आड आलेले असतात. नुसता दुष्काळ असेल तर झाडाला काय करायचं ते ठाऊक असतं. पानांवरची रंध्रं, म्हणजे हवा-वाफ ये-जा करणारी बारीक छिद्रं, मिटायची, आतलं पाणी राखायचं, मुळं खोल धाडायची. नुसती उष्णता असेल आणि मुळाशी ओल असेल तर बरोबर उलटं. रंध्रं उघडी ठेवायची, पाणी वाफेनं सोडायचं आणि पान गार राखायचं. आपल्याला घाम येऊन अंग निवतं तसंच हे. दोन्ही संकटं एकाच दुपारी आली की झाडाची कोंडी होते. रंध्रं उघडावीत तर असलेलं पाणी जातं, मिटावीत तर पान तापतं. बहुतेक वेळा झाड रंध्रं मिटतं. मग कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, साखर तयार होणं मंदावतं. श्वसन मात्र चालूच राहतं, उलट उष्णतेनं वाढतं, रात्रीसुद्धा. कमाई बंद आणि खर्च दुप्पट, अशा अवस्थेत झाड फुलं आणि कोवळ्या शेंगा टाकून देतं.

शिवाय ही दोन संकटं एकमेकांना पोसतात. हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, म्हणून ती पानातून आणि मातीतून जास्त ओल ओढते. माती कोरडी झाली की उन्हातली जी ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च झाली असती, ती जमीन आणि हवा तापवते. काळ्या रानात तर भेगा पडतात, बारीक मुळं तुटतात आणि खालची ओल त्या भेगांतून उडून जाते.

कुणाला वाटेल, पाणी नाही तर नाही, त्यात उन्हाचा एवढा काय वाटा? त्यांनी शाळू बघावा. मंगळवेढ्याची ज्वारी असो की आमच्याकडची रब्बी ज्वारी, पेरल्यावर कित्येकदा काढणीपर्यंत पाऊस नसतो. काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर ती निसवते, दाणा भरते. तीही कोरडवाहूच आहे. पण डिसेंबर-जानेवारीची थंडी तिच्या बाजूला असते, हवा पाणी ओढत नाही, रात्री गार असतात. गव्हाचं उलटं झालं. 2022 च्या मार्चमध्ये उत्तरेत उष्णता आली आणि दाणा आकसला, पण तिथे बहुतेक गहू ओलिताखाली होता. नुकसान झालं, तरी झाडाला स्वतःला गार ठेवायची सोय होती. ऑगस्ट 2023 मध्ये आमच्या माळावरच्या सोयाबीनपाशी थंडीही नव्हती आणि पाणीही नव्हतं.

शिकत असताना वनस्पतिशास्त्रज्ञ रॉन मिटलर यांच्या गटाचं काम वाचलं होतं. त्यांनी 2002 मध्ये तंबाखूवर आणि 2004 मध्ये अरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपावर दुष्काळ आणि उष्णता वेगवेगळी आणि एकत्र देऊन पाहिली. दोन्ही एकत्र आल्यावर झाडातली जनुकं वेगळ्याच तऱ्हेनं चालू-बंद झाली. एकेकट्या ताणावरून त्याचा अंदाज बांधता आला नसता. नुसत्या दुष्काळात झाड प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल साठवतं. उष्णतेची जोड मिळाली की त्याऐवजी सुक्रोज, म्हणजे साखर, साठवतं, कारण गरम पेशीत जास्त प्रोलिन अपायच करतं. म्हणून दुष्काळ सोसणारं वाण घेतलं म्हणजे काम झालं, असं कुणी सांगितलं की मी लगेच विचारते, ते पाहिलं कुठे, कोणत्या महिन्यात?

त्याच गटानं 2022 मध्ये थेट सोयाबीनवर एक गोष्ट दाखवली आणि ती वाचून मला फार भरून आलं. दोन्ही ताण एकत्र असताना सोयाबीन पानांची रंध्रं मिटतं, पण फुलांची उघडी ठेवतं. उरलंसुरलं पाणी फुलाला गार ठेवायला वापरतं. पुढे शेंगांतही हेच आढळलं. झाड पानं तापू देतं आणि फूल वाचवायला बघतं! पण त्यासाठी थोडं का होईना, पाणी हवंच. आमच्या काळ्या रानात ते होतं, म्हणून उतारा घटला तरी शेंगा धरल्या. माळावर फुलगळ झाली आणि राहिलेल्या शेंगा चपट्याच राहिल्या.

माळावरची चार झाडं उपटून मुळांवरच्या गाठी नखानं फोडून बघितल्या. चालू गाठ आतून गुलाबी-लाल असते, या हिरवट-तपकिरी झाल्या होत्या. सोयाबीनमध्ये हवेतला नत्र बांधण्याचं काम ताणात फार लवकर थांबतं, प्रकाशसंश्लेषणाच्याही आधी. वरून हिरवं दिसणारं पीक खालून उपाशी असतं.

अशा वेळी करण्यासारखं थोडंच असतं, पण ते वेळेवर करावं. कोळपं फिरवून भेगा बुजवाव्यात. दादांच्या भाषेत, निम्मं पाणी दिल्यासारखं. विहिरीत असेल तर फुलोऱ्यात एक संरक्षित पाणी तुषारनं, संध्याकाळी. पोटॅशियम नायट्रेटची 1 टक्का फवारणी, म्हणजे दहा लिटरच्या पंपाला 100 ग्रॅम. बाष्परोधक, म्हणजे पानातून पाणी उडणं कमी करणारं काही, फवारायचं असेल तर केओलिन घ्यावं, असं माझं मत आहे. ती पांढरी माती ऊन परतवते. रंध्रं बुजवणारं किंवा मिटवणारं औषध ताणात पाणी वाचवतं, पण कडक उन्हात पान आणखी तापवतं, म्हणून ते मी वापरत नाही. पेरणी रुंद सरी वरंब्यावर केली तर आधीच्या पावसाची ओल जास्त टिकते.

2023 मध्ये पीकविम्याच्या अग्रिमासाठी, म्हणजे भरपाईच्या आगाऊ रकमेसाठी, चर्चा झाली ती पावसाच्या 21 दिवसांच्या खंडाची. खंड मोजावाच. पण ढगाळ हवेतला खंड आणि कडक उन्हातला खंड पिकाला सारखा नाही, आणि पीक फुलात आहे की नाही यानंही सगळं बदलतं. म्हणून मी बांधावर सावलीत, पिकाच्या उंचीला कमाल-किमान तापमापक टांगला आहे. त्याचे आकडे आणि फुलोऱ्याच्या तारखा एकाच वहीत लिहिते. पेरणीही विभागली आहे. काही रानात जेएस 335 हे वाण, काही रानात उशिरा येणारं फुले संगम, म्हणजे सगळ्या रानाचं फूल एकाच आठवड्यात सापडणार नाही. निलंगा, रेणापूर, अहमदपूरकडे कुणी फुलोऱ्याच्या तारखा लिहून ठेवत असेल तर खाली कळवा. रान भारी की हलकं तेही लिहा. आपण वह्या शेजारी ठेवून बघू.