क्रिकेटर रडला की...
१९९६ची वर्ल्ड कप सेमीफायनल, ईडन गार्डन्स, आपल्या १२० रन्समध्ये ८ विकेट गेलेल्या, पब्लिकने बाटल्या फेकल्या, मॅच श्रीलंकेला देऊन टाकली आणि नॉटआऊट विनोद कांबळी रडत रडत बाहेर आला, त्याची नंतर किती टर उडवली लोकांनी! २००० मध्ये कपिल देव फिक्सिंगच्या आरोपांवर बोलताना टीव्हीवर ढसाढसा रडला तर म्हणे नाटक करतोय. आणि २०१३ला वानखेडेवर शेवटची मॅच खेळून सचिन पिचला नमस्कार करून डोळे पुसत निघाला तेव्हा मात्र आमचे काकासुद्धा रडत होते, जे एरवी पोरांना 'बायकांसारखा काय रडतोस' म्हणून दटावतात (काकू गालातल्या गालात हसत होत्या). म्हणजे मानाने रडलं तर चालतं, हरून रडला की बायकी. बार्बाडोसला २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कप फायनलनंतर हार्दिक पांड्या रडला त्याचं कौतुक झालं, पण तेव्हा आपण जिंकलो होतो ना.