मीखाचं पुस्तक अभ्यासताना

आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासात यंदा जुन्या करारातल्या मीखा संदेष्ट्याचं पुस्तक घ्यायचं ठरलं आणि तयारी माझ्याकडे आली. पुस्तक अवघं ७ अध्यायांचं. नाताळात बेथलेहेमातून राज्यकर्ता येईल हे वचन वाचतो, तेवढीच बहुतेकांची ओळख.

पहिल्याच अध्यायात अडले. विलाप, आणि त्यात नुसती गावांची नावं! मग नकाशा घेऊन बसले. मीखाचं गाव मोरेशेथ यरुशलेमच्या नैर्ऋत्येला, डोंगर उतरल्यावर लागणाऱ्या सखल टेकड्यांत, लाखीश या तटबंदीच्या शहराच्या बाजूला. म्हणजे तो आपल्याच पंचक्रोशीसाठी रडत होता. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याच भागात घुसला. लाखीश कसं पाडलं हे त्याने आपल्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात दगडावर कोरून घेतलं. ती शिल्पं आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचे फोटो मी सगळ्यांना दाखवले. बैलगाडीवर बोचकी, त्यावर बसलेली बायकापोरं, गाव सोडून चाललेली.

पण मीखाचा राग अश्शूरवर नाही, राजधानी यरुशलेममधल्या आपल्याच पुढाऱ्यांवर आहे. रात्री अंथरुणात पडून बेत रचायचे आणि उजाडताच दुसऱ्याचं शेत बळकवायचं. ते शेत म्हणजे वाडवडिलांचं वतन. म्हणून आम्ही बायबलच्याच पहिल्या राजे पुस्तकातली नाबोथाची गोष्ट सोबत वाचली: वाडवडिलांचा द्राक्षमळा द्यायला तो नाही म्हणाला, तर त्याला मारून राजाने तो बळकावला. तिसऱ्या अध्यायात तर तो म्हणतो, तुम्ही माझ्या लोकांची कातडी सोलता, हाडं मोडून हंडीत घालता. न्याय लाच घेऊन, याजकाची शिकवण मोल घेऊन, संदेष्ट्याचं भाकीतही पैशासाठी. आणि वर म्हणायचं, परमेश्वर आमच्यात आहे!

सहाव्या अध्यायातलं आठवं वचन पाठ असतं सगळ्यांना: न्यायाने वाग, दया धर, देवासमोर नम्रतेने चाल. माझं ठाम मत झालंय की ते एकटं वाचूच नये. त्याच्या पुढेच खोट्या वजनांच्या थैलीचा जाब विचारलाय. मीखाचा न्याय तराजूत आणि शेताच्या बांधावर दिसायला हवा.

शेवटी आम्ही यिर्मया या नंतरच्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २६वा अध्याय उघडला. मीखानंतर शंभरएक वर्षांनी, यरुशलेमचा नाश होईल असं बोलला म्हणून यिर्मयाला ठार मारायची मागणी झाली, तेव्हा वडीलजनांनी मीखाचा दाखला दिला: सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल असं तो म्हणाला होता, तरी तेव्हाच्या हिज्कीया राजाने त्याला मारलं नाही, देवाचं भय धरलं. यिर्मया वाचला. त्याच अध्यायात उरीया हा आणखी एक संदेष्टाही आहे. तोही असंच बोलला, मिसरात पळाला, आणि यिर्मयाच्या काळच्या यहोयाकीम राजाने त्याला धरून आणून तलवारीने मारलं. पुढचा अभ्यास आम्ही यहोयाकीमवर घेतोय.