एक छोटासा वळसा

"नदीचं ते वळण वरून बघूया ना," असं मीच म्हणालो होतो. मित्राने घड्याळ पाहिलं, विमान डावीकडे कलवलं आणि वीसेक मिनिटं आम्ही त्या नदीवर घिरट्या घातल्या. फोटो झकास आलेत.

विमान चार आसनांचं, सेस्ना १७२. आम्ही दोघंच, मागच्या सीटवर बॅगा. या विमानाचं इंधन पंखांतल्या दोन टाक्यांत असतं आणि आपल्याच वजनाने खाली इंजिनाकडे उतरतं. आमच्या टाक्यांतलं वापरण्याजोगं इंधन दीडशे लिटर, तासाला खर्च साधारण ३४. म्हणजे चार तासांची बेगमी, आणि प्रवास अडीच तासांचा. विमानाच्या वहीत 'टाक्या फुल' असं लिहिलेलंही होतं. ते लिहिल्यानंतर कोणीतरी दीड तास उडून आलं होतं, ते मात्र वहीत आलं नव्हतं.

मग इंधनाचे काटे कशाला असतात? असतात, पण छोट्या विमानांतल्या काट्यांवर जाणते वैमानिक फारसे विसंबत नाहीत. टाकीतला तरंगता गोळा विमान कललं की हलतो, त्याच्याबरोबर काटाही नाचतो. म्हणून निघण्याआधी पंखापर्यंत चढायचं, झाकण उघडायचं आणि खुणा केलेली काठी आत बुडवायची. त्या सकाळी उशीर झाला होता, काठी राहिली. उशीर कुणामुळे, तर तोही माझ्यामुळेच.

वर वीस नॉट्सचा, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरचा, समोरचा वारा लागला. इंजिन तेवढंच पीत होतं, जमीन मात्र सावकाश सरकत होती. धावपट्टी तीसेक किलोमीटरवर असताना इंजिनाने आचका दिला. परत सुरळीत. मग दोन आचके, आणि नंतर काहीच नाही.

इंजिन बंद पडलं की शांतता पसरत असेल असं मला वाटायचं. छे! वारा फटीफटींतून शिट्ट्या घालतो, आणि समोरचा पंखा वाऱ्यानेच गरगरत राहतो, जणू काही झालंच नाही. मित्राने दोन-तीन बटणं चाचपली, रेडिओवर तीनदा 'मेडे' ही संकटाची हाक दिली आणि विमानाचं नाक खाली केलं. पडतोच आहोत, त्यात नाक आणखी खाली? पण ते वर ओढलं की वेग जातो, आणि वेग गेला की पंख विमानाला तोलून धरत नाहीत. वेगाचा काटा त्याने ६५ नॉट्सवर आणून रोखला. हे विमान इंजिनाविना उंचीच्या साधारण नऊपट अंतर तरंगत जातं. खाली जमीन ३००० फुटांवर, म्हणजे हातात आठेक किलोमीटर आणि जेमतेम चार मिनिटं. वारा समोरून असेल तर अंतर त्याहून कमी.

"पट्टा आवळ. दाराची कडी सोडून ठेव."

"आत्ता? हवेत?"

"चौकट वाकली तर दार अडकेल. सोड!"

कापणी झालेलं एक शेत त्याने निवडलं, वाऱ्याकडे तोंड केलं, शेवटी बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला. मागची चाकं टेकली तेव्हा धसकटं पोटाखाली करकरत गेली. बांधापाशी पुढचं चाक मोडलं आणि विमान नाक मातीत खुपसून थांबलं. माझा ओठ फाटला. बाकी दोघंही धड.

नंतर वाचलं, २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ चं इंधन असंच हवेत संपलं होतं. किलोऐवजी पाउंडांत हिशोब झाला होता. ६९ माणसं होती, सगळी वाचली. तिथे निदान आकडेमोड तरी चुकली होती. आम्ही तर मोजलंच नव्हतं.

बाहेर पडून मी लांब पळालो, आग लागेल म्हणून. पेट्रोलचा वाससुद्धा येत नव्हता. मागे वळून पाहिलं तर मित्र तिरक्या झालेल्या पंखापाशी चढून टाकीत काठी घालत होता. एक टाकी झाली, मग दुसरी. काठी बाहेर काढून त्याने ती सवयीने बाहीला पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काहीच नव्हतं.